टिम्मूचं पूर्ण नाव

दीड महिन्यापूर्वी सकाळी मोबाइलवर निरोप आला, 'त्र्यंबकराव यांचे दुःखद निधन'. कोण बुवा हे, असं म्हणत मी 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. तेवढ्यात फोन वाजला. "काका, पापा नहीं रहे." टिम्मूचा मुलगा होता. लिंबू हातातच राहिलं…

बूढापारा मोहल्ल्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून. बारशाला आत्यानं त्याच्या कानात 'त्र्यंबक' असं भारदस्त नाव सांगितलं; पण नाव ठेवते आत्या आणि वापरतो मोहल्ला. दूधवाल्याच्या तोंडी त्याचं तिरंबक झालं, गोल बाजारातल्या भांडेवाल्यानं तिम्मक केलं, आणि आम्हा पोट्ट्यांपर्यंत येता येता नुसता टिम्मू उरला. पूर्ण नावानं हाक एकटी आई मारायची, तीही हातात लाटणं असलं तरच. त्यामुळे 'त्र्यंबक' ऐकलं की हा पळायचा. एकदा पळता पळता त्यानं थेट बूढा तालाबात उडी मारली आणि पार पलीकडच्या काठाला निघाला, डोक्यावर कमळाचं पान घेऊन. पान मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळेत मास्तरांनी हजेरीला नाव पुकारलं की हा खिडकी गाठायचा. वर्गात असूनही वर्षभर गैरहजर.

लग्नात वहिनींनी उखाण्यात 'त्र्यंबकराव' म्हटलं मात्र, नवरदेव पाटावरून उठला आणि अर्धा मांडव ओलांडून गेला. उपरण्याची गाठ शेल्याला मारलेली, म्हणून नवरीही मागोमाग ओढली गेली. त्या दिवसापासून वहिनींनी नाव घेणंच टाकलं. सारा संसार 'अहो'वर केला. गोल बाजाराच्या गर्दीत त्यांनी "अहो" अशी हाक दिली की निम्मा बाजार वळून बघायचा. टिम्मू सोडून.

दहाव्याला खारुण नदीच्या घाटावर पिंड ठेवला. पिंपळावर एक कावळा बसला होता, टिम्मूसारखीच मान तिरपी करून. गुरुजींनी गोत्रासकट 'त्र्यंबक' म्हटलं. कावळा एक फांदी वर सरकला. पुन्हा म्हटलं, आणखी वर. मुलानं हात जोडून कबूल केलं की स्कूटर विकणार नाही, आईला एकटं ठेवणार नाही, दारूच्या दुकानावरून जाणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढत गेलं आणि वहिनींचा चेहरा उतरत गेला. माणूस मनात काही ठेवून गेला, हे ओझं आता जन्मभर त्यांच्याच पदरात पडणार होतं…

मी म्हटलं, "गुरुजी, पूर्ण नाव नका घेऊ. मार खायला कोण येते?"

गुरुजी म्हणाले, मंत्रात टिम्मू बसत नाही. मग मीच बेंबीच्या देठापासून टिम्मूला हाक मारली. कावळा चार फांद्या उतरला, मला नीट न्याहाळलं आणि तिथंच थांबला. माझ्या हातचं तो जिवंतपणीही कधी खात नसे.

सगळे वहिनींकडे वळले.

"मी कशी घेऊ त्यांचं नाव?"

"आता काहून लाजता, वहिनी?" मी म्हटलं. "घाट आपलाच आहे."

त्या उठल्या. पदर सावरला. पिंडाजवळ गेल्या, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं इतक्या हळू म्हणाल्या, "टिम्मू… ये रे. भात थंडा होऊन राहिला."

कावळा सरळ खाली आला. शिवणं-बिवणं नाही, दोन घास बसून खाल्ले.

परवा चहाला गेलो होतो. वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि आतल्या रिकाम्या खोलीला सांगत होत्या, "टिम्मू, पंखा बंद कर. टिम्मू, भाऊजी आले." माझ्या तोंडाकडे पाहून त्या हसल्या.

"संसारभर 'अहो' म्हटलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आता मन भरेपर्यंत नाव घेऊन राहिली मी."

पंखा मी आत जाऊन बंद केला.