ठकूबाईच्या डोलीच्या कड्या

महाडच्या त्या प्रदर्शनात मी शिरले ती पाऊस चुकवायला, इतिहासाच्या प्रेमापोटी नाही. आम्हा आशाताईंचं ट्रेनिंग संपलं होतं, पोलादपूरच्या एसटीला अवकाश होता आणि शेजारच्या हॉलमध्ये फुकटचे पंखे फिरत होते. आत जुन्या वस्तू मांडलेल्या : हंडे, अडकित्ते, समया. शेवटच्या टेबलावर पाटी होती, 'ओळखा पाहू'. त्या पाटीखाली, लाल मखमलीवर, आमच्या वाडीच्या डोलीच्या कड्या ठेवल्या होत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या भागावर रायगडाची सावली. जुनं लोखंड दिसलं की लोकांच्या अंगात इतिहास संचारतो. बघ्यांनी चिठ्ठ्यांवर उत्तरं लिहून ठेवली होती. कुणी म्हणे सरदाराच्या पालखीच्या कड्या, कुणी म्हणे हत्तीच्या साखळदंडाच्या. एका शहाण्याने तर तोफ ओढायचं साधन ठरवलं होतं. बाळंतपणाला अडलेली बाई एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

कड्या वाडीच्या, पण कुणालाही विचारा, तो ठकूबाईच्याच म्हणेल. कापडे गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर आमची वाडी. आजारी माणूस खाली न्यायचा तर झोळी बांधून, बांबूवर टांगून. ह्या दोन कड्या बांबूवर चढवायच्या. आतून दातेरी आहेत, दात बांबूत रुततात, त्यामुळे उतारावर झोळी पुढच्या गड्याच्या पाठीवर घसरत नाही. खाली फिरता आकडा आहे, म्हणून वळणावर आतला माणूस पिळवटत नाही. डोली निघाली की घरटी एक खांदा द्यायचा, मग भाऊबंदकी असो की कोर्टकज्जा. आणि पुढे चालायचं ठकूबाईने. वाट दाखवायची आणि शिव्या घालायच्या. तिच्या तोंडाला घाबरून झोळीतला पेशंटसुद्धा कण्हायचा थांबे. नवरा गेला, गुडघे गेले, पण तिने ते पुढचं चालणं कुणाला दिलं नाही.

मग रस्ता आला. पुढारी आले, नारळ फुटला, आणि वाडीला अवदसा आठवली. आता डोलीचं काम संपलं, कड्या नारळ फोडणाऱ्या साहेबांना मानाने भेट देऊ, असं सगळ्यांनी ठरवलं. ठकूबाईने त्या चिंचेने घासल्या, हळदकुंकू लावलं, नवं लुगडं नेसून स्वतःच्या हाताने ताटातून दिल्या. साहेबांनी त्या उंच धरून फोटो काढला.

पुढच्याच पावसाळ्यात रस्ता ओढ्यात गेला. ठकूबाई साहेबांच्या बंगल्यावर कड्या मागायला गेली, तर तिथला माणूस विचारतो, कसल्या कड्या? तेव्हापासून आम्ही झोळी नुसत्या दोरखंडाने बांधतो. गेल्या वर्षी हैबतीची आई उतारावर झोळीतून पुढे घसरली आणि तिचा खुबा मोडला. म्हातारी अजून अंथरुणावर आहे.

आणि आता दिशाचे दिवस भरत आले होते. दिशा म्हणजे ठकूबाईची सून, मुंबईला असलेल्या साहिलची बायको. पाय सुजलेले, बीपी चढलेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला चालवू नका आणि लवकरात लवकर दाखल करा. चालवायचं नाही, रस्ता नाही, आणि कड्या मखमलीवर.

मी वाडीला फोन लावला आणि रात्री महाडलाच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाई महाडला हजर. प्रदर्शन भरवणारे रघुवीरराव, बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. त्यांना एका चांगल्या घरी अडगळीत ह्या कड्या मिळाल्या होत्या. ठकूबाईने कड्या कशा चालतात ते हाताने करून दाखवलं, तेव्हा माणूस हरखून गेला. तिला खुर्ची दिली, चहा मागवला, व्हिडिओ काढू का विचारलं. लगेच कार्डावर सुरेख अक्षरात लिहून कड्यांपुढे ठेवलं. ठकूबाईने मला वाचायला लावलं. मी वाचलं : 'डोलीच्या कड्या. पूर्वी डोंगराळ भागात रुग्णांना नेण्यासाठी वापरत.'

"पूर्वी नाय," ठकूबाई म्हणाली. "परवा. परवा माझी सून न्यायची हाय. तो शब्द खोडा नि कड्या द्या."

रघुवीररावांचा चेहरा पडला. वस्तू देणगी म्हणून आली आहे, समितीला विचारावं लागेल, प्रदर्शन संपलं की ते स्वतः खटपट करतील, असं ते समजुतीने सांगत राहिले. ते खोटं बोलत नव्हते. माणूस सज्जन होता, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता. दुर्जनाशी निदान भांडता तरी येतं.

ठकूबाईने चहा बाजूला सारला. "सुनेला काय सांगू? प्रदर्शन संपेतवर कळा थांबव?"

ठकूबाईने दोन्ही कड्या उचलल्या, पिशवीत घातल्या आणि चालू लागली. दारातला पोऱ्या आडवा यायला बघत होता, त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो पाठीमागे सरला. रघुवीररावांनी हाक मारली नाही, तेवढं त्यांच्या पदरात टाकते.

डोली निघाली तेव्हा घरटी खांदा कुठला? निम्मी घरं कुलूपबंद, पोरं मुंबईला. साहिल आला होता, एक-दोन चुलतभाऊ होते आणि हैबती, साठी उलटलेला, हट्टाने पुढच्या दांड्याला. रस्ता खचला तिथे नुसता चिखल. हैबतीचा पाय सटकला, तो गुडघ्यावर आपटला आणि बांबूचं पुढचं टोक जमिनीला टेकलं. झोळी बोटभरही हलली नाही. ठकूबाईने हैबतीच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि त्याच श्वासात त्याला हात देऊन उठवलं.

कापड्याला ॲम्ब्युलन्स उभी होती. पोट फाडावं लागलं, पण दिशा वाचली. मुलगी झाली.

घरी परत यायचं तर तीच वाट. टाके ओले असलेली बाई चढवणार कशी? पुन्हा झोळी, पुन्हा त्याच कड्या. लेक आईच्या कुशीत झोपून डोंगर चढली. वाडीतल्या बायका ओवाळायला उभ्या होत्या, त्यांना वाटलं आता तरी ठकूबाई हसेल. ती हसली नाही. तिने कड्या बांबूवरून काढल्या, चिखल पुसला, खोबरेल लावलं. मग नातीला मांडीवर घेतलं आणि रडू लागली. मी समजूत घालायला गेले, तर माझ्यावरच खेकसली, हे रडणं आनंदाचं समजू नको म्हणून.

"साहिलच्या वेळंला मला माझ्या सासूनं ह्यातनं उतरवली," ती म्हणाली. "औंदा मी हिच्या आयशीला उतरवली. आता ही पोर कुणाला उतरवणार, सांग गो."

वाडीत सरकारचं माणूस म्हणून मी एकटीच, म्हणून ती मला विचारत होती.