चार नावांची एकच गोळी

डॉक्टर मॅडमनी माझ्या सदऱ्याच्या खिशातून आणि उशीखालून निघालेलं सगळं लोखंडी टेबलावर ओळीनं मांडलं. गोळ्यांच्या तीन पट्ट्या आणि खोकल्याची एक बाटली. मग त्यांनी एकेक पट्टी उलटी केली, मागची बारीक अक्षरं पेनाच्या टोकानं दाखवली आणि म्हणाल्या, "काका, नावं चार आहेत, पण सगळ्यांत औषध एकच आहे. क्लोरफेनिरामाइन. ही एक अँटिहिस्टामाइन गोळी आहे. तुम्ही तीच गोळी चार वेगवेगळ्या नावांनी खात होता."

मी वाशिमच्या एका दवाखान्यात खाटेवर पडलो होतो. लघवीच्या जागी नळी आणि नळीच्या टोकाला पिशवी. मी मॅडमकडे पाहिलं, मग त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माझ्या सुनेकडे, वैशालीकडे पाहिलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हिनं मॅडमलाही आपल्या बाजूनं करून घेतलं.

हा विचार मी लपवत नाही. ज्यांच्या घरात शिंकांचा त्रास आहे आणि खिशात सर्दीची गोळी आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. तो विचार कुठून आला हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगून उपयोग नाही.

इंझोरीत माझी पिठाची गिरणी आहे. वय चौसष्ट. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा पुण्याला कंपनीत, वर्षातून दोनदा येतो. घरी मी आणि वैशाली. गिरणीतलं पीठ आयुष्यभर नाकात गेलं, त्यामुळे शिंका मला नव्या नव्हत्या. पण मागच्या दिवाळीनंतर त्या थांबेचनात. सकाळी चक्की सुरू केली की पंधरा-वीस शिंका एका दमात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. दळण घ्यायला आलेल्या बायका डबा झाकून दूर उभ्या राहायच्या.

गावातल्या मेडिकलवाल्यानं एक पिवळी पट्टी दिली. "सर्दीची हाये, काई होत नाई," म्हणाला. खरंच आराम पडला. एकीच्या दोन गोळ्या झाल्या. मग मानोऱ्याला बाजाराला गेलो तेव्हा तिथल्या दुकानातून लाल पट्टी आणली, ती जास्त जोराची म्हणून. तिसरी एका ओळखीच्या माणसानं दिली. खोकल्याची बाटली घरात होतीच. मी प्रत्येक वस्तू वेगळी समजून घेत होतो. पिवळी शिंकांसाठी, लाल नाकासाठी, तिसरी अंगदुखीसाठी, बाटली घशासाठी. पट्टीच्या मागं काय लिहिलंय ते मी कधी वाचलं नाही. वाचलं असतं तरी ती अक्षरं मला चष्म्यातूनही दिसत नव्हती.

गोळी मी चहाबरोबर घ्यायचो. ही गोष्ट महत्त्वाची आहे.

वैशालीनं चहा दिला की मी गोळ्या तोंडात टाकायचो आणि वरून चहा प्यायचो. अर्ध्या-पाऊण तासानं डोळे जड व्हायचे. तोंड असं कोरडं पडायचं की जीभ टाळूला चिकटायची. समोरचा वजनकाटा पुसट दिसायचा. पोट साफ होईना. मी मनाशी हिशोब लावला. चहा प्यालो की असं होतं. चहा कोण करतं? वैशाली.

तेवढ्यात तिनं एक दिवस म्हटलं होतं, "मामाजी, तुमी आता आराम करा. गिरणी मी पाहीन. मले सगळं जमते." तिला खरंच जमत होतं. पण मी त्या वाक्याचा वेगळा अर्थ लावला. माणूस झोपून राहिला की गिरणी आपोआप हिच्या हातात.

मी पारख करायची ठरवली. दोन दिवस घरचा चहा सोडला आणि बसस्टँडवरच्या हॉटेलात प्यालो. झोप तशीच आली, कारण गोळ्या तर खिशात माझ्याबरोबरच होत्या. पण संशय एकदा डोक्यात बसला की त्याला उलटा पुरावा दिसत नाही. मी म्हटलं, चहा सोडलेला पाहून हिनं भाजीत टाकायला सुरुवात केली.

मानोऱ्याला माझी मोठी बहीण राहते, सुमनताई. तिला फोन केला. ती म्हणाली, "मधू, मले पहिल्यापासूनच ते पोरगी बरोबर वाटत नोती. तू तिच्या हातचं खाऊ नको." मला बरं वाटलं. आपल्यासारखंच दुसऱ्यालाही वाटतं म्हटल्यावर माणसाला ते खरंच वाटायला लागतं. मग ताईनं ते नात्यात फोन करून सांगितलं, आणि मीही गिरणीवर येणाऱ्या दोन-तीन बायकांजवळ बोललो. "सून काहीतरी घालून राह्यली," एवढंच. गावात एवढं पुरतं.

वैशालीच्या कानावर ते गेलं. त्या दिवसापासून ती ताट वाढलं की माझ्यासमोर बसून त्याच भांड्यातलं आधी स्वतः खायची. मी त्यातही डाव पाहिला.

एका सकाळी चक्की चालू असताना मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली. काळी, जाड, हलणारी. मी ती झटकायला हात पुढे केला, आणि मागून कोणीतरी मला जोरात ओढलं. मी पोत्यांवर पडलो. वैशालीनं धावत जाऊन बटण बंद केलं. माझा हात चक्कीच्या फिरत्या पट्ट्यापासून वीतभर लांब होता, असं नंतर तिथं असलेल्या बाईनं सांगितलं. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मला मात्र त्या वेळी एवढंच कळलं, की हिनं मला ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी होईना. आधी वाटलं, पाणी कमी प्यालो असेन. तांब्याभर पाणी प्यालो. दुपारपर्यंत बेंबीखाली दगडासारखा गोळा आला. बसता येईना, उभं राहता येईना. शेजाऱ्याच्या गाडीतून वैशालीनं मानोऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती औषधं चालू आहेत?"

मी म्हणालो, "काहीच नाही."

खोटं बोललो असं मला वाटलं नाही. औषध म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलेलं. सर्दीची गोळी कुठं औषध असते? ती तर किराणा आणावा तशी आणलेली. पण त्या एका उत्तरानं पुढचे दोन दिवस वाया गेले.

त्यांनी नळी घातली, तिला कॅथेटर म्हणतात. एका लिटरवर लघवी निघाली. मग वाशिमला पाठवलं. तिथं सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असते ती ग्रंथी, वाढलेली निघाली. माझ्या वयात बऱ्याच जणांची वाढते. पण तेवढ्यानं अचानक सगळं बंद का झालं, आणि माणूस असं बडबडतो का, याचं उत्तर मिळेना. मी नर्सला सांगत होतो, "ते बाई जेवण घेऊन आली तर आत येऊ देऊ नका." खिशातल्या गोळ्या तेवढ्यात उशीखाली गेल्या होत्या आणि संधी मिळेल तशी मी एकेक घेत होतो. दवाखान्यातही शिंका येतातच.

माझं बोलणं मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी वैशालीला बाहेर बोलावून सरळ विचारलं, की तुम्ही यांना काही देता का. वैशालीनं पिशवीतून शाळेची एक वही काढून त्यांच्या हातात दिली.

त्या वहीत तीन आठवड्यांचं सगळं लिहिलेलं होतं. सकाळी सातला चहा, दोघांनी एकाच गंजातला (पातेल्यातला) घेतला. दहाला भाकर, वांग्याची भाजी, मी आधी खाल्ली. आणि प्रत्येक चहापुढे, न चुकता: मामाजींनी खिशातून गोळ्या खाल्ल्या. पिवळी एक, लाल एक. बाटलीतलं दोन झाकण.

मॅडम वही घेऊन माझ्या खाटेपाशी आल्या, मला विचारून उशी उचलली, आणि मग ती टेबलावरची ओळ लागली.

त्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. पीठ किंवा धूळ सोसत नसलेल्या माणसाच्या नाकात ती गेली, की शरीरात हिस्टामाइन नावाचं द्रव्य सुटतं. शिंका, खाज, पाणी त्यानं येतं. अँटिहिस्टामाइन म्हणजे त्याला अडवणारं औषध. यातल्या जुन्या प्रकारच्या गोळ्या नाकापुरत्या थांबत नाहीत. मेंदूत जातात, झोप आणतात, तोंड आणि आतडी सुकवतात, मूत्राशयाचा जोर कमी करतात. माझ्या लाल पट्टीत नाक मोकळं करणारं आणखी एक औषध होतं, ते मूत्राशयाचं तोंड आवळतं. वाढलेल्या प्रोस्टेटवर हे दोन्ही बसले आणि वाट बंद झाली. त्याला युरिनरी रिटेन्शन म्हणतात, लघवी अडकणं. आणि मुंग्या दिसणं, नको ते संशय येणं, याला डेलिरियम, म्हणजे मेंदूचा तात्पुरता गोंधळ. म्हाताऱ्या माणसांत अशा गोळ्यांनी तो होऊ शकतो.

मी विचारलं, "म्हणजे चहात काही नव्हतं?"

"चहात साखर होती," मॅडम म्हणाल्या. "ती पण कमी करा."

मला पटलं नाही. गोळ्या बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी डोकं स्वच्छ झालं, तोंडाला लाळ सुटली, खिडकीबाहेरच्या पाटीवरची अक्षरं वाचता आली. तेव्हा पटलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस घरून आलेला डबा खात होता आणि वैशाली दाराबाहेर बाकावर बसली होती, कारण मॅडमबरोबर आली ते सोडलं तर मी तिला आत येऊ दिलं नव्हतं.

मी तिला हाक मारली. विचारलं, "वही डॉक्टरले दाखवायले लिहिली होती काय?"

"नाई," ती म्हणाली. "पोलिसाईले दाखवायले. तुमाले काई झालं असतं तर गाव काय म्हणलं असतं, ते मले ठाऊक होतं."

"त्याले फोन काहून नाई केला?" मी मुलाबद्दल विचारलं.

"केला होता. ते म्हणे, बाबा उगाच नाई बोलत."

मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "पिशवी भरली, सिस्टरले सांगतो," आणि उठून गेली.

आठव्या दिवशी नळी निघाली आणि लघवी स्वतःहून झाली. तेवढ्या गोष्टीसाठी मी देवाला हात जोडले. प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. शिंकांसाठी मॅडमनी नाकात मारायचा स्प्रे दिला, गिरणीत मास्क लावायला सांगितला, आणि आधी मूत्रपिंडाचा रिपोर्ट पाहून नव्या प्रकारची एक गोळी दिली, दिवसातून एकदाच. ती झोप कमी आणते, पण आणतच नाही असं नाही. म्हणून पहिले काही दिवस चक्कीजवळ जाऊ नका, गाडी चालवू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं.

तुम्हाला मी एवढंच सांगेन. गोळी चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ती साधी नसते. पट्टीचं नाव सोडा, मागं कोणतं औषध लिहिलंय ते पाहा. दिसत नसेल तर मेडिकलवाल्याला मोठ्यानं वाचायला लावा, आणि सर्दीचं दुसरं काही घेताना तेच औषध त्यात पुन्हा नाही ना, हे विचारा. लघवीची तक्रार, काचबिंदू, बीपी, झोपेची गोळी, दारू, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरला सांगा. आणि कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं, की खिसा रिकामा करून दाखवा.

घरी आल्यावर एक काम राहिलं होतं. गिरणीवरच्या त्या बायकांना मी एकेक करून सांगितलं, की दोष माझ्या गोळ्यांचा होता. एक म्हणाली, "असं डॉक्टर म्हणते काय?" आणि वैशालीकडे पाहून डबा उचलला. तिला पटलं नाही, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं.

मग मी मानोऱ्याला सुमनताईकडे गेलो. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तू भोळा हायेस मधू. वही आधीच कशी तयार होती तिच्यापाशी?"

चार आठवड्यांपूर्वी मी हेच म्हणालो असतो. मी म्हणालो, "ताई, वही तयार होती कारण आपण दोघांनी तिले तशी भीती घातली. तू फोन लाव."

ती तयार होईना. मी उठलो नाही. शेवटी तिनं फोन लावला, आवाज मोठा करून मध्ये ठेवला. मागून चक्कीचा आवाज येत होता.

"वैशाली," ताई म्हणाली, "चुकलं बाई आमचं. मी लोकाईले उगाच बोलली."

"बरं," वैशाली म्हणाली. "ज्याईले ज्याईले बोलल्या, त्याईले पण सांगजा. गिऱ्हाईक उभं हाये, ठेवतो मी."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांग आता. मी बसतो इथंच." तिनं चष्मा लावला आणि पहिला नंबर शोधायला घेतला.