मावशीची गुदगुल्यांची नोकरी

आमच्या डोंगरात आम्ही खाणवाले खणतो आणि राक्षस झोपतात. एकदा आडवे झाले की पन्नास-साठ वर्षं उठायचं नाव नाही. अंगावर माती चढते, शेवाळ धरतं आणि पाठ कुठली नि कडा कुठला, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. माझ्या मावशीला येतं.

पहिली कुदळ पडण्याआधी ती काथ्याच्या ब्रशने कड्याला गुदगुल्या करते. हसला तर राक्षस, नाही हसला तर दगड. दगड असला की खडूने फुली मारायची, मग माणसं कामाला लागतात. एकतीस वर्षांत नवरा गेला, गुडघे गेले, पण फुली चुकली नाही. माझ्या नवऱ्यालाही तिने लग्नाआधी असंच तपासलं होतं. तो हसला नाही. “दगड आहे,” ती आईला म्हणाली. तेही बरोबर निघालं.

आणि मग चार नंबरच्या बोगद्यात ती चुकली. तिच्या फुलीवर तीन दिवस कुदळी चालल्या. चौथ्या दिवशी कडा सुस्कारा टाकून म्हणाला, “जरा डावीकडे.”

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “मेल्या, हसला का नाहीस?”

“पोरी, चाळीस वर्षं पाठ खाजतेय. हात पोचत नाही. हसलो असतो तर तुम्ही निघून गेला असतात.”

मुकादमांनी लगेच निकाल दिला. “राक्षस हसू दाबायला लागले, आता गुदगुल्यांचा काय उपयोग? बाई, तुम्ही घरी बसा.”

त्या संध्याकाळी मावशी जेवली नाही. “काम गेलं तर मी कोण गं? नुसती म्हातारी?” म्हणाली आणि रडली. मुकादमांचा मला असा संताप आला की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी सगळ्यांना चार नंबरला त्याच कड्यापाशी बोलावलं. “शेवटची संधी. हसवून दाखवा.” मावशीने बरगड्यांना गुदगुल्या केल्या, कंबरेला केल्या, घाम गाळला. कडा ढिम्म. त्याला पाठ खाजवून हवी होती ना!

मग मुकादमांनी घसा साफ करून निरोपाचं भाषण सुरू केलं. “या डोंगरासाठी मी रक्त सांडलंय...” रक्त एकदाच सांडलं होतं, ऑफिसात पत्र्याचा डबा उघडताना. कडा थरथरला. “रोज पहाटे, तुमच्या आधी मी...” मुकादम अकराला येतात, हे अख्ख्या डोंगराला ठाऊक. कडा असा खदाखदा हसला, की आम्ही सगळे एकमेकांवर पडलो.

“ते पहाटेचं पुन्हा सांगा ना,” वरून आवाज आला.

मावशी उठली, धूळ झटकली आणि स्वतःची फुली पुसली. “मुकादम, उद्या सातला पाच नंबरला या. नवा कडा तपासायचाय. भाषण मोठं आणा.”

“हे दोघं आल्याशिवाय आम्ही कुदळ उचलणार नाही,” कामगार एका सुरात म्हणाले.

हल्ली मुकादम खरोखरच पहाटे उठतात. मावशी शेजारी उभी असते. भाषण पडायला लागलं की त्यांना कोपराने ढोसते.