उंबरफळीचा पुसलेला ठिपका

हेमकांत धानोऱ्याचा. नंदुरबारच्या एका सरकारी कार्यालयात तो संगणकावर नकाशे जुळवायचं काम करी. आरोग्य, शाळा, पाणी, जंगल, प्रत्येक खात्याचा नकाशा निराळा होता. आता सगळ्यांचा मिळून एकच करायचा आणि पुढं सगळ्यांनी त्यावरूनच चालायचं, असं ठरलं होतं.

विसरवाडीपलीकडच्या डोंगरात दोन ठिपके शेजारी शेजारी आले. दोन्हींचं नाव उंबरफळी. फळी म्हणजे तिकडची लहान वस्ती. एकच वस्ती दोन खात्यांनी दोनदा नोंदवली असणार, असं समजून त्यानं एक ठिपका पुसला आणि चहाला गेला.

त्या उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या नव्या नकाशावरून ठरल्या.

जूनच्या सुरुवातीला तिथल्या आशा सेविकेचा, रिबेकाचा फोन आला. "साहेब, आमची फळी यादीत सापडत नाही. दीड महिना टँकर नाही. लोक नाल्यात खणलेल्या झिऱ्याचं गढूळ पाणी प्यायले. जुलाब झाले. एक म्हातारा गेला."

दुसऱ्या दिवशी हेमकांत तिथं पोचला. नाल्याच्या या अंगाला एक उंबरफळी, पलीकडच्या चढावर दुसरी. गेलेल्याचं नाव होळ्या. त्याची बायको रूपीबाई दारात बसली होती.

"ठिपका मीच पुसला," हेमकांत म्हणाला.

रिबेकानं ते घरच्या बोलीत सांगितलं. रूपीबाई हळू काही बोलली.

"त्या म्हणतात, पाण्यानंच गेला असं नाही, वय झालं होतं. आम्हाला वाटलं, टँकर बिघडला असेल."

हेमकांतनं मोबाईलवर एकेक घर नोंदवलं. एकतीस घरं. घरात माणसं किती, हा रकानाही होता. रूपीबाई म्हणाली, "दोन." रिबेका तिला समजावू लागली. हेमकांतनं मान खाली घालून 'एक' लिहिलं.

तिसऱ्या दिवशी टँकर त्या फळीत पोचला. गावातल्या कुणाला विचारल्याशिवाय ठिपका पुसायचा नाही, असा नियम हेमकांतनं साहेबांकडून करून घेतला. त्याला कुणी जाब विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

आता जेवतानाही तो वस्त्यांची नावं पुटपुटतो. "काय मोजी ऱ्हायनात?" बायको ममता विचारते. तो पुढचा घास घेतो. ऑफिसात गेल्यावर मात्र रोज आधी रूपीबाईच्या घराची नोंद उघडतो. तिथं माणसांचा आकडा एकच असतो. उघडण्याआधी, क्षणभर, त्याला दोन दिसण्याची भीती वाटते, आणि आशाही.