गैरहजर चौघांची परीक्षा

अक्का गेल्याचा धुळ्याहून फोन आला तेव्हा मी बाजारात मेथी निवडत होतो. जुडी तशीच हातात राहिली. महिना उलटला, तरी त्यांच्याविषयी लिहायचं म्हणजे आधी माझी एक लबाडी सांगावी लागते, म्हणून टाळत होतो...

अमळनेरजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. नववीतल्या ज्या मुलांना धड वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी आम्ही रोज एक तास वाचनवर्ग घ्यायचो. त्याचा उपयोग होतो का, हे तपासायला वर्गाचा खर्च देणाऱ्या संस्थेकडून अक्का आल्या. निवृत्त शिक्षिका, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मोजकं. निकाल वाईट लागला तर वर्ग बंद होणार होता. म्हणून आदल्या दिवशी मी चार कच्च्या मुलांना सांगून टाकलं, उद्या घरीच थांबा.

बाकीच्यांनी खडाखडा वाचलं. मी खूश! अक्कांनी हजेरीपट मागवला.

"हे चौघं कुठे आहेत?"

"कापूस वेचायला गेले असतील."

"मग शेतात जाऊ. भाऊ, गाडी काढा."

शेताच्या वाटेवरच्या पहिल्याच घरी त्या चौघांतली कविता अंगणात भांडी घासत होती. तिची आई मला बघून गोंधळली, अहिराणीत म्हणाली, "सरसनीच सांगं, उद्या शाळामा येऊ नको." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर बसून त्यांनी पुस्तक उघडलं. "वाच व माय, घाबरू नको." दोन ओळींना तिला दहा मिनिटं लागली. अक्का मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. संपल्यावर पोरीनेच विचारलं, "परत वाचू का, बाई?"

बाकी तिघांकडेही जाऊन आलो. एसटीत चढताना अक्का एवढंच म्हणाल्या, "भाऊ, वर्ग या चौघांसाठीच होता ना?"

अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं, ज्यांना गरज जास्त तीच मुलं मागे राहिली आहेत. वर्ग बंद करू नये, पण सुरुवात त्यांच्यापासून करावी. वर्ग वाचला. तरी माझ्या शाळेला नावं ठेवली म्हणून मी वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. अहवाल नीट वाचलाही नव्हता, निकालाचं पान तेवढं पाहिलं होतं.

परवा धुळ्याला त्यांच्या घरी भेटायला गेलो. त्यांचे यजमान नाना जुने कागद आवरत होते. त्यात आमच्या शाळेच्या अहवालाचा कच्चा खर्डा निघाला. एक ओळ खोडलेली, पण वाचता येत होती, 'मुख्याध्यापकांनी कच्च्या मुलांना घरी बसवले.' तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गैरहजर मुलांची परीक्षा घरी जाऊन घेतली. मुख्याध्यापक सोबत होते.'

नानांसमोरच मला रडू फुटलं. सोबत कुठला, अक्का... मी नाइलाजाने गाडी चालवत होतो.