मधे बसलेला माणूस

सुकदेव बावीस वर्षं सुरतजवळच्या पलसाण्यात एका मिलमध्ये कापड रंगवायचा. मूळचा अमळनेरकडचा, राहायला सुरतेतल्या बमरोलीत. साठीला टेकलेला, अबोल माणूस. वाफेत उभं राहून राहून त्याची नजरही कुठेतरी लांब लागलेली असायची.

गेल्या श्रावणात फिकट निळ्या रंगाचं काम आलं. चार वेळा नमुना पाठवला, चारही वेळा परत आला. शेवटी त्याने ऑफिसातल्या शीतलला विचारलं, "बेन, एवढं नखरेल गिऱ्हाईक कोण?"

"युनोचे शांतिसैनिक, काका. त्यांच्या गळ्यातले रुमाल आहेत."

"म्हणजे लढणारेच ना?"

"लढाई थांबवणारे. दोन फौजांच्या मधे उभे राहतात. तोवर दोन्हीकडची मोठी माणसं टेबलाशी बसून बोलतात."

"आणि बोलणं फिसकटलं तर?"

"तर पुन्हा बसतात. कधी कधी वर्षानुवर्षं."

पाचव्या खेपेला रंग जुळला. त्या दिवशी रिक्षात बसून घरी येताना सुकदेवला सगळा रस्ता दिसलाच नाही. दिसत होता कुठला तरी उजाड माळ, एक तंबू, आत गार झालेला चहा आणि न कंटाळता बोलत बसलेली माणसं.

बमरोलीत उतरला तर दोन गल्ल्या समोरासमोर उभ्या. मधल्या मोकळ्या जागेत गणपतीचा मंडप कुणी घालायचा, यावरून जुंपली होती. इकडून खानदेशी पोरांचा लखन, तिकडून विदर्भाकडचा प्रशांत. दोघांच्याही हातात लोखंडी पाइप.

सुकदेव घरात गेला, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि बरोबर मधे मांडून बसला. हात कोपरापर्यंत निळे.

"काका, बाजूले सरका," लखन ओरडला. "लागी जाई तुम्हले!"

"मी आठेच बसस. तुम्ही बोला." तो जागचा हलला नाही.

म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पाइप कोण फिरवणार? शिव्या झाल्या, आरडाओरडा झाला. अंधारून आलं तशी माणसं पांगली. दुसऱ्या संध्याकाळी सगळे पुन्हा जमले, सुकदेवही येऊन बसला. धुरपदाबाई, त्याची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली, "येडा व्हयनात का? जेवाले तरी चाला!"

"बोलनं चालू शे आजून," तो म्हणाला. मग तिने ताट तिथेच आणून त्याच्या मांडीवर ठेवलं.

तिसऱ्या संध्याकाळी प्रशांतचा आवाज उतरला. "गेल्या वर्षी आम्ही मूर्ती गटाराच्या कडेला बसवली. घाण पाणी पाटापर्यंत आलं. माझी आई रडली होती."

लखन दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलं?"

"विचारलं कोणी?"

एकच मंडप घालायचा ठरलं. एक दिवस आरती इकडची, एक दिवस तिकडची. दोघं दोरी घेऊन जागा मोजायला लागले. सुकदेव एव्हाना खुर्चीतच गाढ झोपला होता. धुरपदाबाईने कुणाला त्याला उठवू दिलं नाही. पोरांनी दोरी अलगद उचलली, त्याच्या डोक्यावरून पलीकडे नेली आणि हळू आवाजात आकडे सांगत मोजणी पुढे चालू ठेवली.