विस्तवापाशीची जागा

ठाण्याला आगगाडी येऊन पंचवीस वर्षं झाली होती, तरी बाळकुमात बाळंतपण म्हटलं की बायजा सुईणच. तिच्या हाताखाली पायरीपायरीनं शिकावं लागे. पहिलं वर्ष रात्रभर विस्तवापाशी बसून पाणी तापवायचं. बाळंतिणीला हात लावायचा नाही. मग दोन वर्षं तिच्या पाठीशी बसून आधार द्यायचा. पुढ्यात बसून मूल झेलायचा मान बायजाचा. गोदाची पाठीची दोन वर्षं नुकतीच सरली होती, आणि विस्तवाचं काम म्हणजे पोरीबाळींचं, असं ती चारचौघींत बोलून दाखवायची. तेवढा तोरा तिच्यात होताच.

एका रात्री बायजा खाडीपलीकडे एका अडलेल्या बाईकडे गेली, आणि इकडे नाथाच्या तुळसाला कळा सुरू झाल्या. तुळसाची आधीची दोन्ही मुलं जन्मतःच गेलेली. गोदानं एकटीनं कधी मूल झेललं नव्हतं, पण करते काय! ती पुढ्यात बसली आणि सहा महिन्यांपूर्वी विस्तवाच्या कामाला आलेल्या शेवंतीला तिनं पाठीशी बसवलं. विस्तवापाशी कुणीच उरलं नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

पहाटे मुलगा झाला. निळा पडलेला, रडेना. गोदानं पाठ चोळली, तळवे चोळले, ढिम्म. मागोमाग नाळेला जोडलेली वार पडली. आता बायजाचा एकच उपाय उरला होता: नाळ न कापता वार तव्यावर शेकायची, म्हणजे तिची ऊब बाळात उतरते. गोदानं मान वळवली, तर चूल काळी. तिला ब्रह्मांड आठवलं.

"राखेखाली हाय गं विस्तव," शेवंती म्हणाली. "मी दाबून ठेवलाय."

तुळसाच्या सासूनं राख सारली. खाली निखारे लालबुंद. तवा तापला, वार शेकली, आणि बाळानं असं भोकाड पसरलं की ओटीवरचा नाथा धावत दाराशी आला. गोदाचा जीव भांड्यात पडला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना.

डोळे पुसत तिनं शेवंतीला विचारलं, "बायजाआक्कानं शिकवलं का गं हे?"

"आक्कानं कुठं? पहिल्या दिवशी तूच नाय का सांगितलंस? उठायचं झालं तर विस्तव राखेत दाबून ऊठ, म्हणालीस."

गोदाला आठवलं. पोर सारखी काय करू, काय करू विचारत होती, म्हणून तिला गप्प बसवायला ती तसं बोलली होती.

पुढं गोदा मोठी सुईण झाली. पण कुणाच्याही घरात शिरली की आधी चुलीपाशी जाऊन विस्तव बघायची, आणि मगच बाळंतिणीच्या पुढ्यात बसायची.